उशीवरचं सीपीआर आणि १३,४७९ रुपये

वॉर्डात मला आता 'उशीवाल्या सिस्टर' म्हणतात. तोंडावर कुणी बोलत नाही, पण हँडओव्हर देऊन मी वळले की मागे खुसखुस ऐकू येते. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी, खोट्या ऑनलाइन कोर्सला मी कशी फसले ते सगळं आपणच लिहून टाकावं, म्हणून बसले.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून मला १४ वर्षं झाली. तालुक्याच्या गावातलं खासगी हॉस्पिटल, त्यातलं आयसीयू. रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल जवळ आलेलं. पाच वर्षांत १५० तासांचं शिक्षण दाखवायचं असतं हे आपल्यात कुणाला सांगायला नको, आणि नाइट करून आलेल्या बाईला ते तास कसे गोळा करावे लागतात हेही नको. त्यात एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, तपासणी तोंडावर आलेली. नोटीस लागली : आयसीयू आणि ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) सगळ्यांनी बीएलएस-एसीएलएसचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर सीपीआरनं, छाती दाबून वगैरे, जीव वाचवायच्या प्रशिक्षणाचं, कार्ड महिनाअखेर जमा करावं. रजा? नाही. पैसे? ज्याचे त्यानं भरायचे. खरा कोर्स म्हणजे बीएलएसचा एक दिवस, एसीएलएसचे दोन, पुण्याची बस साडेपाच तास आणि मुक्कामाचा खर्च वेगळा. हे मी सबब म्हणून सांगत नाही. खरं तर सबब म्हणूनच सांगतेय.

अशात फोनवर जाहिरात आली. बीएलएस, एसीएलएस आणि वर ३० तासांचे क्रेडिट, सगळं घरबसल्या. नोंदणी ४९९. पुढचं कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे : गोड आवाजाची मुलगी, 'मॅम, आज रात्री बारापर्यंतच ऑफर आहे', ग्रुपवर दर दहा मिनिटांनी कुणाच्या तरी सर्टिफिकेटचा फोटो आणि खाली अभिनंदनाचा पाऊस. कोर्सचे ७,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,८५०. जीएसटी लावलाय म्हणजे कंपनी खरी असणार, असं मला वाटलं. हसा.

पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नाही, कुणा एका माणसाचं आलं. मी विचारलंसुद्धा! 'मॅम, ते आमच्या अकाउंट्सच्या सरांचं आहे.' बरं म्हणाले आणि पिन टाकला. पावतीवरचा जीएसटी नंबर नंतर मोजला तर १४ अक्षरं भरली. असतात १५. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, यांचा ०७ ने, म्हणजे दिल्ली. पत्ता मात्र ठाण्याचा. औषधाची बाटली दोनदा वाचल्याशिवाय मी सलाइनमध्ये काही सोडत नाही, आणि ही पावती एकदासुद्धा नीट वाचली नाही.

पण ते सगळं एक वेळ सोडा. ज्या क्षणी मला कळायला हवं होतं, तो क्षण वेगळा आहे, आणि अजून रात्री आठवला की कानशिलं तापतात.

दोन तासांचं वेबिनार झालं. मग मेसेज आला : प्रात्यक्षिकासाठी मॅनिकिन (सरावाचा पुतळा) नसेल तर उशी घ्यावी आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवावा. मी पाठवला. रविवारी दुपारी, घरच्या पलंगावर उशी ठेवून, गाऊनवर ओढणी घेऊन, गुडघ्यांवर बसून मी ती उशी दाबत होते. मुलगा मोबाइल धरून एक ते तीस मोजत होता आणि सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, 'अगं, कापूस फाटेल तिचा.' नव्या पोरींना मीच शिकवते की मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली निदान पाच सेंटिमीटर, सहाच्या पुढे नाही, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. उशी वर येते का कधी? अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कोर्समध्ये मॅनिकिनवर हात चालवून दाखवल्याशिवाय कार्ड मिळत नाही, थिअरी ऑनलाइन केली तरीही. मोठ्या माणसाच्या सीपीआरसाठी तर दाब बरोबर पडतोय का ते सांगणारं उपकरण लागतं. कामावर असते तर हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण त्या दुपारी मला फक्त नोटिशीवरची तारीख दिसत होती.

व्हिडिओ गेल्यावर वीस मिनिटांत 'एक्सलंट' आलं. मग 'कार्ड ॲक्टिव्हेशन' १,७७०. मग तास वर कळवण्यासाठी 'अपलोड फी' २,३६०. एकूण १३,४७९. यात आणखी एक आकडा आहे, तो लिहायला जिवावर येतंय. मैत्रिणी आणल्या तर माणशी ५०० परत मिळणार होते. मी तिघांना आणलं : दोन सिस्टर आणि ओटीचा टेक्निशियन. त्याला तर वेगळीच भीती घातली होती, की अलाईड हेल्थवाल्यांसाठी, म्हणजे टेक्निशियन वगैरेंसाठी, २०२१ चा केंद्राचा कायदा आलाय, आता तासांशिवाय नोंदणीच होणार नाही. कायदा खरा आहे, म्हणून तर भीती लागू पडली. तिघांचे प्रत्येकी ९,३४९ गेले, मला १,५०० आले, आणि ते खरंच आले म्हणून माझा विश्वास आणखी घट्ट झाला.

चार महिन्यांनी क्वालिटीच्या मॅडमनी कार्ड तपासली. क्यूआर स्कॅन केला, हिरवी टिकली, 'व्हेरिफाइड'. आम्ही खूश. त्यांनी मग कार्डावरचा नंबर असोसिएशनच्या मूळ साइटवर हातानं टाकला. तिथे काहीच नाही. क्यूआर त्या चोरांच्याच साइटवर जात होता! चोरालाच विचारायचं की बाबा, तू चोर आहेस का? तेव्हा कार्डावरचा क्यूआर कधीही स्कॅन करू नका, साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. आणि खरं कार्ड दोन वर्षं चालतं, आमच्यावर पाच वर्षं छापली होती. तेही दिसलं नव्हतं.

संध्याकाळी ग्रुप उघडला तर सगळ्यांना काढून टाकलेलं. माझे स्क्रीनशॉट अर्धेच. तुम्ही पहिल्या दिवसापासून काढत जा, तारखेसकट.

आता सरकारदरबारची कथा. बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता विचारलं, 'पिन तुम्हीच टाकलात ना? मग हे फ्रॉड नाही, पेमेंट आहे.' कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम मी वाचून गेले होते. तो आपण न केलेल्या व्यवहारांसाठी आहे म्हणे. म्हणजे कुणी खिसा कापला तर भरपाई, आणि गोड बोलून खिशातून काढून घेतले तर दान?

पोलिसांकडे पहिल्या दिवशी 'साहेब बंदोबस्ताला गेलेत'. दुसऱ्या दिवशी 'ही आमची हद्द नाही, पत्ता ठाण्याचा आहे'. मी म्हटलं, आता नव्या कायद्यात गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. त्यावर हवालदार म्हणाले, 'ताई, तुम्ही नर्स आहात की वकील?' तिसऱ्या दिवशी जिल्ह्याला पाठवलं, माझी रजा बिनपगारी, बसचे जाऊन-येऊन २८० रुपये. तिथे एका साहेबांनी तो उशीचा व्हिडिओ पुरावा म्हणून मागितला, बघितला, आणि शेजारच्या टेबलावरच्यालाही दाखवला. दोघं हसले. एफआयआर नाहीच, अर्जावर शिक्का मारून दिला. '४२० चं प्रकरण आहे, पण रक्कम लहान आहे.' १ जुलै २०२४ पासून ते कलम ३१८ झालंय, हेही मीच सांगायचं का? आणि लहान कुणाला? चौघांचे मिळून ४१,५२६ होतात. आमच्यातल्या एका सिस्टरचा तेवढा तीन महिन्यांचा पगार आहे.

ज्या खात्यात आमचे पैसे गेले त्यात सापडले २१२ रुपये. तेवढे गोठवलेत. चार महिन्यांनी दुसरं काय सापडणार? म्हणून शंका आली की त्याच तासाला १९३० लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. लाज वाटते म्हणून दोन दिवस थांबू नका. मी आठ दिवस थांबले होते, नवऱ्याला कसं सांगू या विचारात.

हॉस्पिटलनं आम्हालाच मेमो दिला, खोटी कागदपत्रं जमा केल्याचा. मग पुण्याहून प्रशिक्षक बोलावून, खऱ्या मॅनिकिनवर, ड्युटीच्या वेळात सगळ्यांचा कोर्स करून घेतला. म्हणजे हे आधीही जमण्यासारखं होतं!

ते ५०० मी तिघांना परत केले. दोन्ही सिस्टरनी न बोलता घेतले. ओटीवाला म्हणाला, 'राहू द्या सिस्टर, उशीला नवा अभ्रा घ्या.' मंगळवारी माझा नाइट ऑफ आहे, अर्जाचा नंबर घेऊन परत जिल्ह्याला जायचंय.