नांदूर मध्यमेश्वरची मांजरं: कॅमेरा लावायचा की पट्टा बांधायचा?

उन्हाळ्यात कालव्यांना आवर्तन सुटलं की नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्यात गाळाची बेटं उघडी पडतात. टिटवी, शेकाट्या, नदीसुरय यांना उघड्यावर अंडी घालायला अशीच जागा लागते. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं, आणि रात्री मांजर पाय न भिजवता थेट घरट्यांपर्यंत जाऊ शकतं. नाशिकच्या आमच्या पक्षीवेड्यांच्या गटात यंदा वर्गणी काढून या मांजरांचा माग काढायचं घाटतंय. पैसे एकाच गोष्टीला पुरतील, त्यामुळे कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) की मांजराच्या गळ्यात बांधायचे जीपीएस पट्टे, हा वाद रंगलाय.

दोन्ही हत्यारं समुद्री बेटांवर तावून सुलाखून निघाली आहेत. तिथे मांजर काय करतं ते मेरियन बेटावर दिसलं. दक्षिण आफ्रिकेच्या या बेटावर 1949 मध्ये उंदरांसाठी 5 मांजरं नेली. 1970च्या दशकात ती दोन हजारांवर गेली आणि वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास पेट्रेल हे समुद्रपक्षी फस्त करू लागली. शेवटचं मांजर हटायला 1991 उजाडलं. ऑस्ट्रेलियाच्या डर्क हार्टॉग बेटावर (620 चौरस किलोमीटर) आधी पट्टे बांधून मांजरं कशी फिरतात ते पाहिलं, मधोमध कुंपण घालून बेटाचे दोन भाग केले, आणि शेवटी एकही उरलं नाही याची खात्री कॅमेऱ्यांनी केली. 2018 मध्ये ते मांजरमुक्त जाहीर झालं.

म्हणजे मांजर कुठे जातं हे पट्टा सांगतो, आणि इथे मांजर आहे का, किती आहेत, हे कॅमेरा सांगतो. आमच्या गटातले निम्मे वाद या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळेच होतात.

पट्ट्याचा मोह मलाही होतो. नकाशावर ठिपके उमटताना बघायची मजा वेगळीच. पण हिशेब करा. पट्ट्याचं वजन जनावराच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत असावं, असा एक प्रचलित दंडक आहे. तीन किलोच्या मांजरीला म्हणजे 90 ग्रॅम, बॅटरीसकट. दर दहा मिनिटांनी जागा नोंदवायची तर बॅटरी लवकर मान टाकते, आणि तासातासाने नोंदवली तर बेटावरची अर्ध्या तासाची शिकार निसटून जाते. त्याआधी मांजर पिंजऱ्यात यायला हवं, पशुवैद्याने भूल द्यायला हवी, आणि पुढे पट्टा परत मिळवायची सोय हवी. पिंजऱ्यात मांजराऐवजी बाऊल, म्हणजे रानमांजर, शिरला तर? तो वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा प्राणी, परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. शिवाय ठिपका फक्त जागा दाखवतो. मांजराने तिथे अंडी खाल्ली की सुरयांनी डोक्यावर चोची मारून त्याला पळवून लावलं, हे नकाशावर कळत नाही.

कॅमेऱ्याला पकडापकडी लागत नाही. पट्टेरी मांजरं अंगावरच्या नक्षीवरून एकेक ओळखता येतात, मोजता येतात. काळी कुळकुळीत किंवा सगळीकडून पिवळी असतील तर पंचाईत, दोन बोके एकच वाटतात. बाऊल मात्र कळतो: लांब पाय, आखूड शेपटी, शेपटीच्या टोकाकडे काळी वळी. उसाच्या फडात राहणारी वाघाटी तर घरच्या मांजराहूनही लहान, अंगावर तांबूस ठिपके. पाहुणा नेमका कोण, हे कळल्याशिवाय कुणावर आळ घेऊ नये. पट्ट्याच्या वाटेने गेलात तर हा प्रश्न पिंजरा उघडताना सुटतो, म्हणजे फार उशिरा.

कॅमेऱ्याची खोडही सांगतो. त्यातला सेन्सर अंगाची ऊब आणि मागची जमीन यांच्या तापमानातला फरक ओळखतो. मे महिन्यात गाळ संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेला असतो, तेव्हा तो मांजर सोडून देतो आणि वाऱ्याने हललेल्या पाणकणसाचे फोटो काढत बसतो. मागच्या वर्षी उसना आणलेल्या कॅमेऱ्यात आम्हाला पाणकणीस मिळालं आणि एका म्हशीची जीभ. कॅमेरा जमिनीपासून फूटभर उंचीवर, उत्तरेकडे तोंड करून, समोरचं गवत कापून लावायचा. साखळी-कुलूप हवंच. अभयारण्यात वनविभागाची परवानगी दोन्हीला लागते.

तिसरा मार्ग जवळपास फुकट आहे आणि तो मला जास्त आवडतो: ओला गाळ. संध्याकाळी बेटाच्या जोडपट्टीवर फळीने गाळ सारखा करायचा, पहाटे ठसे बघायचे. मांजर नखं आत ओढून चालतं, म्हणून ठशात नखं उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा आणि मुंगूस यांची उमटतात. बाऊल आणि मांजर यांच्यात मात्र ठशावरून फसायला होतं.

मग पैसे कशात घालायचे? आपलं पाणथळ समुद्री बेटासारखं तुटलेलं नाही. इथून एक मांजर हटवलं तर दुसरं गावठाणातून येईल. त्यामुळे मांजर कुणाचं, हा इथला मुख्य प्रश्न. सहा देशांतल्या 925 पाळीव मांजरांना जीपीएस लावून झालेल्या एका अभ्यासात त्यांचा सरासरी वावर 3.6 हेक्टर, म्हणजे जेमतेम नऊ एकर निघाला. बेटावर दिसलेलं मांजर पाळीव असेल तर त्याचं घर बहुधा काठालगतच्या वस्तीतच सापडेल, आणि ते शोधायला उपग्रह लागत नाही. फोटो घेऊन चार घरं हिंडलं तरी पुरतं. (काठावरच्या एका गावाचं नावच मांजरगाव आहे, तिथे जरा जपून विचारावं लागेल.)

माझं मत कॅमेऱ्याला. पहिल्या आठवड्यात गाळावर ठसे बघून वाट ठरवायची, मग त्या वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे, म्हणजे दोन्ही कुशींची नक्षी मिळते. बिनमालकाची, उसात मुक्काम करणारी मांजरं फोटोत वारंवार दिसली आणि दिवसा कुठे दडतात तेच कळेना, तर पुढच्या वर्षी पट्ट्याचा विचार करू. वर्गणी मात्र फेब्रुवारीच्या आत जमायला हवी. टिटवी मार्चपासून बसते.