बंदरावर गस्त घालायचीय? सागरी पोलीस, कोस्ट गार्ड की सीआयएसएफ, फॉर्म भरायच्या आधी वाचा

भरती निघाली की किनाऱ्यावरच्या गावांतली पोरं हमखास विचारतात, बोटीवरची ड्युटी पाहिजे तर नक्की कुठला फॉर्म भरायचा? प्रश्न बरोबर आहे, कारण लांबून बघणाऱ्याला सगळे सारखेच दिसतात, युनिफॉर्म, लाईफ जॅकेट, स्पीडबोट, खांद्याला रायफल. पण हार्बर पेट्रोल नावाचं एकच खातं आपल्याकडे नाहीच, ते काम चार-पाच खात्यांत वाटलेलं आहे. किनारा आणि 12 सागरी मैलांपर्यंतचं रोजचं पोलिसिंग सागरी पोलिसांकडे, तिथून पुढे 200 मैलांपर्यंतचा मुख्य भार कोस्ट गार्डवर, मुंबई पोर्ट किंवा जेएनपीएसारख्या (न्हावा शेवाचं बंदर) मोठ्या बंदराच्या आत सीआयएसएफ म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, आणि तस्करीसाठी कस्टम्सच्या बोटी वेगळ्या.

पगाराचं आधी मिटवून टाकू. महाराष्ट्र पोलिसांचा शिपाई, कोस्ट गार्डचा नाविक आणि सीआयएसएफचा कॉन्स्टेबल, तिघांचं सुरुवातीचं बेसिक 21,700च आहे. भत्ते मागेपुढे होतात, पण फक्त पगारावरून निवडणार असाल तर तिन्ही सारखेच समजा. खरा फरक असा की कोस्ट गार्डमध्ये समुद्र बऱ्यापैकी नक्की मिळतो पण घर सुटतं, पोलिसांत घर जवळ राहतं पण समुद्राची गॅरंटी नाही, आणि सीआयएसएफमध्ये दोन्ही नशिबावर.

सागरी पोलीस

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. सागरी पोलीस शिपाई अशी वेगळी भरती नसते. तुम्ही रायगड, रत्नागिरी, पालघर किंवा बृहन्मुंबई अशा एखाद्या घटकात साधे पोलीस शिपाई म्हणून लागता आणि पुढचं पोस्टिंग साहेब ठरवतात, म्हणजे रायगडला सिलेक्शन झालं म्हणून मांडवा सागरी किंवा दिघी सागरी मिळेलच असं नाही, पोलादपूरला घाटात ट्रॅफिक सांभाळायलाही उभं करतील. आणि सागरी ठाण्यात गेलात तरी बोट चालवणारा स्टाफ वेगळा असतो, तांडेल (बोटीचा म्होरक्या), सारंग, इंजिन ड्रायव्हर, खलाशी, तुम्ही गस्तीचे पोलीस म्हणून सोबत असता.

तिथलं काम म्हणजे रोज थरारक पाठलाग वगैरे नाही. मच्छीमार बोटींचे नंबर आणि कागद बघायचे, खलाशांची ओळखपत्रं तपासायची, जेट्टीवर नवीन कोण आलं त्याची नोंद ठेवायची, बुडालेल्या पर्यटकाचा शोध घ्यायचा, मृतदेह किनाऱ्याला लागला की पंचनामा करायचा (हे कोणी सांगत नाही, पण समुद्राकाठच्या ठाण्यात हे काम येतंच), आणि वर्षात अधूनमधून सागर कवच नावाचा किनारा सुरक्षेचा सराव होतो तेव्हा डोळ्यात तेल घालून जागायचं. पावसाळ्यात छोट्या बोटी बाहेर काढणं अवघड, मग गस्त किनाऱ्यावरूनच. त्यात निवडणूक, गणपती, नेत्यांचे दौरे आले की बंदोबस्त आहेच, तिथे तुम्ही सागरी आहात की डोंगरी हे कोणी विचारत नाही.

पण हे काम हलकं समजू नका. 1993 ला आरडीएक्स उतरलं ते रायगडच्या शेखाडीला, 26/11 चे अतिरेकी उतरले ते कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ, म्हणजे दोन्ही वेळा भोक पडलं ते अगदी किनाऱ्यालाच. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला लेडी हान नावाची रिकामी बोट लागली, आत एके-47 सापडल्या, धावपळ पहिली झाली ती रायगड पोलिसांची. पुढच्या वर्षी दापोली-श्रीवर्धन पट्ट्यात चरसची पाकिटं वाहून आली तेव्हा वाळूवर फिरून ती गोळा करणाऱ्यांत पोलीस होतेच. इथे गावातली ओळख हेच हत्यार आहे, तांडेलकाका तुमच्याशी बोलले तर बातमी मिळते, नाहीतर नाही, आणि त्यात किनाऱ्यावरच्या पोराला घाटावरच्या पोरापेक्षा सरळ फायदा आहे.

पात्रता बारावी पास, कुठल्याही शाखेची. ओपनला वय 18 ते 28, मागासवर्गीयांना 5 वर्षं सूट. उंची मुलांना 165 सेंमी, मुलींना 155. मैदानी 50 मार्कांची, मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, मुलींना 1600 ऐवजी 800. लेखी 100 मार्कांची आणि मराठीतून, गणित, बुद्धिमत्ता, जीके, मराठी व्याकरण. पोहण्याची परीक्षा त्यात नाही, हे मला अजूनही विचित्र वाटतं.

कोस्ट गार्ड

समुद्रच पाहिजे असेल तर माझं मत सरळ इकडे. आणि अजून एक, बऱ्याच पालकांना वाटतं की हे पण अग्निवीरसारखं चार वर्षांचं आहे, तर तसं नाहीये, अग्निपथ योजना आर्मी, नेव्ही, एअरफोर्सला आहे, कोस्ट गार्डची नाविक भरती रेग्युलर आहे.

नाविक जीडीला (जनरल ड्युटी) बारावी पाहिजे आणि त्यात मॅथ्स-फिजिक्स पाहिजेच, आर्ट्स-कॉमर्सवाल्यांचा विषय इथेच संपतो. वय 18 ते 22, एससी-एसटीला 5 आणि ओबीसीला 3 वर्षं सूट. उंची 157 सेंमी चालते. फिजिकल म्हणाल तर 7 मिनिटांत 1.6 किमी, 20 उठाबशा, 10 पुशअप्स, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याला हे हसत हसत जमतं. अडतं ते पेपरला. पेपर हिंदी-इंग्रजीत, दहावीचा भाग वेगळा आणि बारावीच्या मॅथ्स-फिजिक्सचा वेगळा, आपली पोरं ग्राउंडवर सहा महिने घाम गाळतात आणि फिजिक्सचं पुस्तक शेवटच्या आठवड्यात उघडतात. नुसत्या दहावीवर डोमेस्टिक ब्रँच आहे, पण त्यात स्वयंपाक आणि वाढप अशी कामं असतात हे समजून फॉर्म भरा, नंतर तक्रार नको. इंजिनिअरिंग डिप्लोमावाल्यांनी यांत्रिक हे तांत्रिक कामाचं पद बघावं, तिथे बेसिकच 29,200 आहे. नाविकची भरती आतापर्यंत पुरुषांसाठीच निघत आलीय, असिस्टंट कमांडंटचा, म्हणजे ग्रॅज्युएशननंतरचा ऑफिसरचा मार्ग वेगळा आहे, तिथे मुलींना जागा आहेत का ते जाहिरातीत बघा.

ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्काला. त्यानंतर पोस्टिंग मुंबई, मुरूड, रत्नागिरी, गोवा मिळालं तर उत्तमच, पण ओखा, पारादीप, श्री विजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) पण मिळेल, आणि जहाजावर असलात की घरी कधी फोन लागेल ते समुद्रावर अवलंबून. सुट्टी बऱ्यापैकी आहे, वर्षाला 45 दिवस अर्न्ड आणि 8 कॅज्युअल. काम खरंखुरं समुद्राचं, वादळात अडकलेल्या मच्छीमारांना काढणं, परदेशी ट्रॉलर धरणं, तेलगळती आवरणं (2010 ला मुंबईबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया जहाजांची टक्कर झाली तेव्हाचं तेल आठवत असेल). हवा बिघडली की बाकीच्यांच्या बोटी आत येतात आणि यांची बाहेर जाते. बोट लागत असेल, म्हणजे उलट्या होत असतील तर बहुतेकांना सवय होते, काहींना होत नाही, तेव्हा आधी एकदा कोणाच्या तरी ट्रॉलरवर दोन दिवस जाऊन बघा.

सीआयएसएफ आणि कस्टम्स

सीआयएसएफला एसएससी जीडीमधून, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या कॉन्स्टेबल परीक्षेतून जायचं, दहावी पास, 18 ते 23, पण मुलांना उंची 170 सेंमी आणि 24 मिनिटांत 5 किमी. पेपर आता मराठीतून पण देता येतो. बंदराची गस्त ही यांच्या कामाचा छोटासा भाग, जास्त माणसं एअरपोर्ट, मेट्रो, कारखान्यांवर. 18 डिसेंबर 2024 ला एलिफंटाला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली तेव्हा जेएनपीएकडच्या सीआयएसएफच्या गस्ती बोटीने लोकांना पाण्यातून काढलं, ते बघून बऱ्याच पोरांना हे खातं आवडायला लागलं, पण त्या बोटीवर जायला मिळणं हे हातात नाही. केंद्रीय नोकरी पाहिजे आणि कुठेही राहायची तयारी आहे, त्यांनीच या.

कस्टम्सच्या सीमन (बोटीवरचा खलाशी) आणि ग्रीझरच्या (इंजिनची देखभाल करणारा) जागा क्वचित निघतात. दहावी पुरते, पण इंजिनच्या बोटीवर 3 वर्षांचा समुद्रातला अनुभव लागतो. बेसिक 18,000, म्हणजे कमी. तरी बापाच्या बोटीवर लहानपणापासून जाणाऱ्या कोळ्याच्या पोराला दुसरीकडे या अनुभवाचे मार्क कोणी देत नाही, इथे तीच पात्रता आहे, फक्त अनुभवाचा कागद नीट करून ठेवा.

मग कोणी काय करायचं

सायन्सवाला, 22 च्या आतला, तर आधी कोस्ट गार्ड, कारण तो दरवाजा लवकर बंद होतो आणि पोलीस भरती 28 पर्यंत थांबते, दोन्ही एकदम लढवायला पण हरकत नाही कारण ग्राउंडची तयारी बरीचशी एकच आहे. उंची 160 च्या आसपास असेल तर पोलीस आणि सीआयएसएफ दोन्हीकडे मुलं मापातच बाहेर जातात, कोस्ट गार्डमध्ये बसतात. आर्ट्सची मुलगी, घरी आईवडील बघायचेत, तर जिल्हा पोलीस, आणि लागल्यावर सागरी ठाण्यासाठी विनंती करत राहा, मिळालं तर मिळालं. घटक निवडताना नीट विचार करा, शिपाई पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो, आणि मुंबईत जागा जास्त दिसतात म्हणून सगळी गर्दी तिकडेच पळते.

चष्मा असेल तर नाविक जीडीचा क्लास लावायच्या आधी डोळे तपासून घ्या, तिथे नजरेची अट कडक आहे, लेखी पास होऊन मेडिकलला बाहेर पडलेली पोरं दर बॅचला दिसतात. टॅटू असेल तर त्याचा नियमही जाहिरातीत आधी बघा.