41 किलो कमी : ट्रेलवर हलक्या गाडीचे अकरा महिने

मे 2025 मध्ये मी माझी रॉयल एनफिल्ड हिमालयन 411 विकली आणि हीरो एक्सपल्स 200 4व्ही घेतली, तेव्हा घरच्यांना हा व्यवहार उलटा वाटला. मोठी गाडी देऊन लहान गाडी कोणी घेते का, असे कार्यालयातही तीन-चार जणांनी विचारले. आमच्या रविवारच्या गटात मात्र कोणी काही विचारले नाही, कारण आठ जणांपैकी पाच जण तोवर याच वाटेने जाऊन मोकळे झाले होते. आता अकरा महिने, एक अख्खा पावसाळा आणि सुमारे 8,700 किलोमीटर झाल्यावर हा बदल कितपत शहाणपणाचा होता, ते सांगता येईल असे वाटते.

जुन्या गाडीबद्दल माझी तक्रार नव्हती. तिने मला लेहपर्यंत नेऊन सुखरूप परत आणले होते. पण ऑगस्ट 2024 मध्ये नाशिकजवळच्या गिरणारेहून वाघेऱ्याच्या पुढे हरसूलकडे जाताना मी हौसेने भातखाचरांमधल्या एका गाडीवाटेत शिरलो आणि चिखलात आडवा झालो. 199 किलोची गाडी, त्यात पाय टेकवायला घट्ट जमीन नाही. चाळीस मिनिटांनी दोन शेतकरी आले, तेव्हा ती उभी राहिली. गेल्या पावसाळ्यात त्याच वाटेने नवी गाडी घेऊन गेलो, तर त्यांच्यापैकी एकाने ओळखून विचारले, "भाऊ, मागच्या खेपेचा रेडा कुठं विकला?"

गंमत अशी की कागदावर पाहिले तर रेडा फारसा मागे नाही. दोन्ही गाड्यांच्या पोटाची जमिनीपासूनची उंची 220 मिलिमीटरच आहे आणि दोन्हींचे पुढचे चाक 21 इंचांचे आहे. सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक वर-खाली किती हलू शकते तो आकडा, तर जुन्या गाडीचाच थोडा जास्त, म्हणजे पुढे 200 आणि मागे 180 मिलिमीटर. एक्सपल्सचा 190 आणि 170. इंजिनाची तुलना करायचीही गरज नाही, कारण टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या ओढीच्या, 32 न्यूटन मीटरपुढे 17.35 हा आकडा केविलवाणाच दिसतो. फरक काय तो वजनाचा : 199 विरुद्ध 158. हे 41 किलो म्हणजे पिंपळगावच्या बाजारात जाणारे टोमॅटोचे दोन भरलेले क्रेट, आणि ते सतत मांडीखाली घेऊन ओढा ओलांडण्यात काय अर्थ होता, हे मला पहिल्या दोन रविवारी कळले. ट्रेलवर, म्हणजे अशा कच्च्या वाटांवर, आमचा वेग क्वचितच तिशीच्या वर जातो. त्या वेगात ताकद बहुतेक वेळ शिल्लकच राहते. वजन मात्र प्रत्येक वळणावर, प्रत्येक दगडावर आणि प्रत्येक पडण्यात मोजावे लागते. आमच्या गटातल्या गप्पा पूर्वी सीसी आणि टॉर्कच्या असत, आता कोणी नवी गाडी पाहून आला की पहिला प्रश्न तिच्या वजनाचा असतो, तो यामुळेच.

नाशिकच्या आसपासची जमीन या गाडीची तीन वेगळ्या प्रकारे परीक्षा घेते. पहिन्याच्या बाजूचा सुटा काळा खडक, उन्हाळ्यात खड्यांसारखा निसरडा होणारा मुरूम आणि पावसाळ्यातली काळी माती. खडकावर ही गाडी मला मनापासून आवडली. उभे राहून चालवताना हँडल योग्य उंचीवर येते आणि पुढचे चाक दगडावरून घसरले तरी गुडघ्यांनी सावरून घेता येते. मुरुमावर मागचा ब्रेक मोकळेपणाने लावता येतो, कारण एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे आणि मागचे चाक मुद्दाम लॉक करून वळण घेता येते. काळ्या मातीत मात्र कोणतीच गाडी शहाणी नसते. मूळ टायरच्या खाचा शंभर मीटरमध्ये भरून जातात, आणि मग चाक नव्हे, मातीचा गोळाच फिरत राहतो. मी जुलैमध्ये मागे नॉबी, म्हणजे मोठ्या गाठींचा, टायर बसवला. पकड स्पष्ट सुधारली, पण डांबरी रस्त्यावर तो गुणगुणतो आणि ओल्या वळणावर भरवसा देत नाही. हवेचा दाब मी ट्रेलवर 18 पीएसआयच्या खाली नेत नाही, कारण टायर ट्यूबचे आहेत आणि त्याखाली गेले की दगड व रिम यांच्यात चिमटून ट्यूब फाटते. हा धडा काश्यपी धरणाच्या बाजूला, भर उन्हात, पंप न नेता मिळाला.

द्राक्षबागांमधल्या शिवरस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या असतात. चाकोरी सोडून जाण्याचे कौतुक करणाऱ्यांनी एकदा या खऱ्या चाकोरीत अडकलेले पुढचे चाक बाहेर काढून पाहावे. मी पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चकतीचा, एक दात कमी केला आहे. त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये क्लच न जाळता सावकाश चालता येते आणि अशा ठिकाणी मोठा फरक पडतो.

याची किंमत महामार्गावर चुकवावी लागते. कसारा घाटातून इगतपुरीकडे चढताना ट्रकला मागे टाकायचे तर 19 पीएसच्या (अश्वशक्तीच्या) इंजिनात आधीपासून बेत करावा लागतो, आणि ताशी 85 च्या पुढे कंप इतका वाढतो की मी त्या वेगाला जाणेच सोडले. सीटवर दीड तासानंतर बसवत नाही. मुंबईला आता मी रेल्वेने जातो.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. रस्त्यावर लिटरला 37-38 किलोमीटर, ट्रेलच्या दिवशी 28 च्या आसपास. चिखलानंतर साखळी त्याच संध्याकाळी धुतली नाही तर ती लवकर ढिली पडते. क्लचचे लिव्हर दोनदा तुटले. दुसऱ्यांदा तुटले ते बाहेरून घेतलेले स्वस्त लिव्हर होते, त्यामुळे दोष माझाच. एका सर्व्हिस सेंटरने स्पोक तपासल्याचे बिलावर लिहिले आणि प्रत्यक्षात मागच्या चाकाचे चार स्पोक हाताने हलत होते. तेव्हापासून स्पोक मी घरीच वाजवून पाहतो.

गटातले इतर कुठे वळले, हेही सांगण्यासारखे आहे. एकाने एक्सपल्स 210 घेतली, 24.6 पीएस आणि सहा गिअर असल्यामुळे महामार्गावर तो सुखी आहे, पण ती माझ्या गाडीहून जड आहे आणि चिखलात ते जाणवते. दुसऱ्याने कावासाकी केएलएक्स 230 घेतली. ही गाडी डिसेंबर 2024 मध्ये 3 लाख 30 हजारांना आली होती, तेव्हा आम्ही नुसते पाहून परतलो होतो. देशातच बनू लागल्यावर किंमत दोन लाखांच्या आसपास उतरली आणि 139 किलो हा आकडा आवाक्यात आला. तिसऱ्याला केटीएम 390 एन्ड्युरो आर हवी होती, परंतु 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि तिच्यासारख्या त्यावरच्या गाड्यांवर 40 टक्के लागला, तेव्हा त्याचे मन द्विधा झाले ते अजून तसेच आहे. शर्यतीसाठीची परदेशी एन्ड्युरो (खडतर कच्च्या वाटांच्या शर्यतीची) गाडी घ्यावी असेही एक जण म्हणत होता. तिची नोंदणी होत नाही, म्हणजे गिरणाऱ्यापर्यंतही ती टेम्पोतून न्यावी लागेल, आणि देखभालीचा हिशोब किलोमीटरवर नसून इंजिन चाललेल्या तासांवर, हे ऐकून तो शांत झाला.

सायलेन्सर मी मुद्दाम मूळचाच ठेवला आहे. अंजनेरीचे पठार गिधाडांसाठी आणि दुर्मिळ कंदीलपुष्पासाठी राखीव आहे, तिथे आम्ही गाड्या नेत नाही. पण आसपासच्या पाड्यांमधून जातानाही फुटक्या आवाजाच्या गाड्यांना लोक वाट देत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे.

ज्यांची उंची साडेपाच फुटांहून कमी आहे, त्यांनी 825 मिलिमीटरच्या सीटवर बसून, गाडी एका बाजूला कलवून, मगच निर्णय घ्यावा. वर्षातून दोनदा लांबचा प्रवास आणि एकदाच माती, असे ज्यांचे प्रमाण आहे, त्यांना मी हिमालयनच सुचवेन. माझे प्रमाण नेमके उलटे आहे, म्हणून ही गाडी विकण्याचा विचार नाही. मेअखेरीपर्यंत मागचा टायर, दोन जाड ट्यूब आणि साखळीचा संच बदलायचा आहे, कारण जूनच्या पहिल्या पावसानंतर वाघेऱ्याच्या त्या गाडीवाटेने पुन्हा जायचे ठरले आहे, आणि या वेळी पंप माझ्याच पिशवीत असेल.