तेल खाणारे जिवाणू: घडवलेले की घरचे?

आमचं घर वडोदऱ्यात, दांडिया बाजारात. भाचा सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. कोयलीच्या रिफायनरीवरून बोलता बोलता वाद पेटला: तेल मुरलेली माती साफ करायला प्रयोगशाळेत घडवलेला जिवाणू आणायचा, की मातीतल्याच जिवाणूंना खतपाणी घालायचं?

भाचा पहिल्या बाजूचा. शास्त्रज्ञ आनंदमोहन चक्रवर्तींनी स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूच्या एकाच पेशीत कापूर, ऑक्टेन, झायलीन, नॅफ्थलीन पचवणारी वेगवेगळी प्लाझ्मिडं (पेशीतली डीएनएची छोटी सुटी कडी) एकत्र आणली. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्या जिवाणूला पेटंटयोग्य ठरवलं. पण समुद्रात सांडलेल्या तेलावर तो कधी सोडलाच नाही. प्रयोगशाळेच्या बशीतला पैलवान उघड्या मातीत टिकेल का? तिथे त्याला अन्नासाठी स्थानिकांशी झुंजावं लागतं, शिवाय परवानग्यांचं लचांड वेगळंच.

मी दुसऱ्या बाजूचा. तेलात कार्बन मुबलक, पण नायट्रोजन-फॉस्फरस नावालाच. जिवाणूंची वाढ अडते ती तिथे. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ या जहाजाचं तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर खतच मारलं होतं आणि तिथल्या जिवाणूंनी वेग घेतला. घरका जोगी म्हणून आपण त्यांना मोजत नाही, एवढंच!

अर्थात आपल्याकडच्या चिकट काळ्या मातीत हवा खेळत नाही. ती उकरून उलटीपालटी करावी लागेल. तेलातला डांबरासारखा जड भाग मात्र दोन्ही प्रकारच्या जिवाणूंना सहजी पचत नाही. हे भाच्यालाही मान्य आहे, पेटंटवरून तो अजून अडून बसलाय.