सेकंडहँड ४०७, इंजिनातला गाळ आणि फ्लशची बाटली: पावसाळ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

बसलो होतो फ्लशच्या (इंजिन आतून धुवायच्या औषधाच्या) बाटलीबद्दल लिहायला, पण खरं सांगू का, बाटलीपेक्षा जास्त डोकं माझं दहा रुपयाच्या तांब्याच्या वॉशरनं खाल्लं आहे, त्यावर खाली येतोच. ज्यांच्याकडे जुनी डिझेल गाडी आहे आणि कोणीतरी "भाऊ एक बाटली टाका, इंजिन आतून चकाचक" असं सांगून रायलं आहे, त्यांनी टाकायच्या आधी हे वाचा.

गाडी टाटा ४०७, छोटा ट्रक, बीएस३ (प्रदूषणाचा जुना नियम) म्हणजे २०१७ च्या आधीची, एमएच ४० म्हणजे नागपूर ग्रामीण पासिंग. मीटर दोन लाख ऐंशी हजारावर बंद पडलेलं, त्यामुळे खरं किती चालली ते देवालाच माहीत. नागपूरजवळच्या वाडीतून घेतली. सीझनमध्ये काटोलकडून संत्रा कळमन्याच्या बाजारात, बाकी वेळी बुटीबोरी नाहीतर हिंगण्याचं भाडं, उन्हाळ्यात कूलर. गाडीबद्दल तक्रार नाही, ४०७ काय आहे ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. प्रश्न आधीच्या मालकानं ती कशी वापरली याचा आहे.

विकणाऱ्यानं इंजिन डिझेलनं धुऊन वरून काळा रंग मारला होता. ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली तर ऑइल एकदम सोनेरी. आता डिझेल इंजिनात नवीन ऑइल शे-दोनशे किलोमीटरात काळं पडते, त्यामुळे सोनेरी दिसलं याचा अर्थ एवढाच की काल-परवा टाकलेलं आहे. आणि बोटावर घेतलं तर बरंच घट्ट, आवाज दाबायला आणि प्रेशर टिकवायला घट्ट ऑइल टाकतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण माझी नजर गेली ती ऑइल टाकायच्या झाकणावर. एवढ्या जुन्या इंजिनावर झाकण करकरीत नवीन! झाकण कोणी हौसेनं बदलत नाही. गाळ असला की पहिले तिथंच दिसते, झाकणाच्या आतल्या बाजूला. भोकात बोट घालून आतून फिरवलं तर नखात काळं डांबर आलं. त्यावरच भाव पाडला आणि गाडी घेतली, म्हणजे गाळ आहे हे ठाऊक होतंच, किती आहे ते नव्हतं.

मग एका गॅरेजवाल्यानं बाटली हाती दिली. नाव नाही लिहीत, बाटलीचंही नाही आणि त्याचंही नाही. पद्धत साधी आहे, गरम इंजिनात जुन्या ऑइलमध्येच बाटली ओतायची, दहा-पंधरा मिनिटं आयडलला ठेवायची, रेस अजिबात द्यायची नाही, मग गरम असतानाच ऑइल सोडायचं आणि फिल्टर बदलायचा. रेस काहून द्यायची नाही, तर फ्लशनं ऑइल पातळ होते आणि बेअरिंगवर जी ऑइलची फिल्म पाहिजे ती तेवढी मजबूत राहत नाही. याच कारणासाठी काही जण रॉकेल नाहीतर डिझेल ओतून इंजिन फिरवतात ते मला कधीच पटलं नाही, स्वस्त पडते हे खरं, पण मग क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) महाग पडते.

ऑइल निघालं ते पाण्यासारखं आणि कुट्ट काळं, खालच्या टोपल्यात पाहून मन एकदम खुश. १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस ग्रेडचं नवीन डिझेल ऑइल टाकलं, नवीन फिल्टर लावला आणि खरंच फरक जाणवला. सकाळचा टकटक आवाज कमी झाला, पिकअप मोकळं वाटलं. त्या आठवड्यात मला कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, वरून दोन-चार जणांना सांगितलंही असतं.

आंबिया बहाराचा संत्रा भरून काटोलहून निघालो, गाडी मस्त, आणि फेटरीच्या अलीकडे गतिरोधकावर स्लो केली तर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. रेस दिली की विझते, आयडलला आली की पेटते. ड्रायव्हर म्हणे "भाऊ स्विच खराब असंन, चालू द्या." चालू द्या कसं? तो दिवा लागते तेव्हा प्रेशर आधीच फार खाली गेलेलं असते, तो काही आगाऊ सूचना देणारा दिवा नाही. गाडी बाजूला घेतली, दुसरी गाडी बोलावून क्रेट बदलले, ते भाडं गेलं, हमाली गेली, कळमन्याचा त्या दिवशीचा भाव गेला.

पहिल्या गॅरेजवाल्यानं चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) न खोलताच सांगितलं, "फुल इंजिन बांधा लागन." मी म्हटलं खोलून तरी पाहा, तर म्हणे खोलाचे पैसे वेगळे आणि मग बांधाच लागते. तिथंच आमचं वाजलं. ज्यानं बाटली दिली त्यानंच आता लाखाची गोष्ट करायची आणि बाटलीचं नाव काढलं की "ते तर तुम्हीच म्हटलं होतं." बिलावर बाटली त्याच्याच अक्षरात लिहिलेली आहे, मी बिल फेकत नाही. गाडी टोचन करून दुसऱ्या मिस्तरीकडे नेली. म्हातारा माणूस, बोलते कमी. त्यानं पहिले प्रेशरचा स्विच काढला आणि त्या जागी साधं काट्याचं गेज लावलं. गरम इंजिनवर आयडलला काटा जवळजवळ शून्यावर. मग म्हणे, "चेंबर काढू. ऑइल पंपाची जाळी पाहू. मग बोलू."

चेंबर खाली आलं आणि आम्ही दोघंही चूप. ऑइल सोडलेलं, तरी तळाला बोटभर जाड थर, ओल्या ढेपेसारखा, हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं खरडावा लागला. खरडताना त्यात कडक पापुद्रे लागत होते, नखाएवढे, एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसरीकडून खडबडीत. मिस्तरीनं एक पापुद्रा हातावर घेतला, इंजिनाच्या वरचं टॅपेट कव्हर खोललं आणि आतल्या भिंतीवर जिथून तो निघाला तशीच जागा दाखवली. म्हणजे वर वर्षानुवर्षं चिकटून बसलेलं फ्लशनं सोडवलं, ते विरघळलं नाही, तुकडे होऊन खाली पडलं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसलं. जाळीचा जेमतेम एक कोपरा मोकळा होता. पंप बिचारा तेवढ्यातून ओढणार किती. हेडवरून ऑइल खाली यायची भोकंही अर्धी बंद होती. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडायचा पाइप तर पूर्ण जाम. ब्रीदर जाम झाला की इंजिनातला गॅस आणि वाफ बाहेर जात नाही, आत प्रेशर वाढते, सील गळायला लागतात आणि ती वाफ ऑइलमध्येच मुरून आणखी गाळ करते. एवढ्या गोष्टी बाटलीच्या लेबलवर कुठंच नाहीत.

बेअरिंग खोलून पाहिले. झिजले होते पण वरच्या थराखालचं तांबं दिसत नव्हतं, क्रँकवर रेघ नव्हती, म्हणून तेच परत बसवले. जाळी, चेंबर, टॅपेट कव्हर धुतलं, टर्बोचा ऑइल पाइप काढून साफ केला (तो जाम झाला तर टर्बो जाते, हे विसरू नका). पुसायला चिंधी वापरू दिली नाही त्यानं, धागे सुटून परत जाळीवर जातात म्हणून ब्रश आणि हवा. पॅकिंग नवीन. गेजवर गरम आयडलला प्रेशर एक किलोच्या वर, रेसला तीनच्या वर. गेज मी काढूच दिलं नाही, आता ते डॅशबोर्डच्या खाली कायमचं बसवलं आहे. सगळा खर्च फुल इंजिनच्या पाव भागातही नाही.

आता वॉशर. ऑइल सोडायच्या नटाला तांब्याचं वॉशर असते. तांबं मऊ असते म्हणून नट आवळला की ते दबून सील करते, आणि एकदा दबलं की कडक होते, दुसऱ्यांदा तसं दबत नाही. दहा रुपयाची वस्तू. कोणताच गॅरेजवाला बदलत नाही! ज्याला सांगावं तो म्हणते "काही होत नाही भाऊ." मग गळते, मग तो नट आणखी जोरानं आवळते, मग चेंबरचे आटे जातात, मग वेल्डिंग. माझं म्हणणं आहे की माणूस ऑइलवर हजारो रुपये घालते आणि वॉशरवर दहा घालत नाही यातच गाड्यांचा अर्धा धंदा समजून जाते. आमच्या घरासमोर पार्किंगमध्ये गट्टू लावलेले आहेत, त्यावर थेंबाचा डाग पडला म्हणून शेजारच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. दुकानातही वॉशर दरवेळी त्या साइजचं मिळत नाही. शेवटी जुनंच वॉशर घरच्या गॅसवर पकडीनं धरून लाल केलं आणि पाण्यात टाकलं. पोलाद असं केलं तर कडक होते, तांबं उलट मऊ पडते. काळी पपडी घासून काढली, बसवलं, एक थेंब नाही. मिस्तरी हसला, पण आता त्याच्याकडेही डबाभर जुने वॉशर जमवून ठेवले आहेत. बायकोचं म्हणणं की ती पकड स्वयंपाकघरात परत दिसली तर तिचं ती पाहून घेईल.

चेंबर साफ झाल्यावरही वरच्या भिंतींवर थर आहेच, तो खरडून निघत नाही. त्यासाठी मिस्तरीचा उपाय कंटाळवाणा आहे, साधं चांगलं डिझेल ऑइल टाका आणि लवकर लवकर बदला. दोन-अडीच हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर दोन्ही. लिटरला साडेतीनशेच्या आसपास पडते, पोटात गोळा येते, पण ऑइलमधलं डिटर्जंट हळूहळू धुते आणि तुकडे पडत नाहीत. ड्रायव्हरची तक्रार, "इतकं महाग ऑइल अन् लगेच काळं, डुप्लिकेट असंन." काळं पडणं म्हणजे काजळी ऑइलमध्ये धरून ठेवली आहे, भिंतीवर बसू दिली नाही. पाहायचं तर पट्टीचा एक थेंब टिश्यू पेपरवर टाका आणि रात्रभर ठेवा. डाग सारखा पसरला तर ऑइल अजून काम करून रायलं आहे. मधे कुट्ट काळा गोळा आणि भोवती कडक कडा राहिली तर त्याचा दम संपला. बाहेर फिकट पिवळी मोठी रिंग आली तर त्यात डिझेल मिसळते आहे, मग डिझेल फवारणारं नोझल पाहा. मी जुना फिल्टरही हॅक्सॉनं कापून आतला कागद उलगडतो. पहिल्याच्या घड्यांमध्ये काळे दाणे भरलेले होते, आता नुसता काळा चिकट कागद निघते. फिल्टर पूर्ण भरला की त्याचा बायपास उघडते आणि न गाळलेलंच ऑइल इंजिनात फिरते, म्हणून तिथं पैसे वाचवायचे नाहीत.

पण एवढा गाळ झाला कसा, ते डिसेंबरात कळलं. पहाटे कळमन्यात जायचं, नागपूरची थंडी तुम्हाला माहीत आहे, आणि गाडीचा टेंपरेचरचा काटा तिथं पोचेपर्यंत वर येतच नव्हता. मग गेटच्या लाइनीत तासभर आयडल, मग तिथून इतवारी, परत बंद. झाकण उघडलं तर आत चहाच्या रंगाचा दुधाळ फेस. छातीत धस्स झालं, हेड पॅकिंग गेलं वाटलं, पण रेडिएटरचं पाणी कमी होत नव्हतं. मिस्तरीनं हाउसिंग खोललं, आत थर्मोस्टॅटच नाही, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्हच नाही! कोणीतरी काढून फेकलेला. इकडे ही पद्धतच आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, गाडी गरम झाली की पहिले थर्मोस्टॅट काढतात, रेडिएटर साफ करायचं कोणी नाव घेत नाही. उन्हाळ्यात ते खपून जाते. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात इंजिन कधी पूर्ण तापतच नाही, आतली वाफ पाणी होऊन ऑइलमध्ये राहते, अर्धवट जळालेलं डिझेल त्यात उतरते, काजळी त्याला चिकटते, झाला गाळ तयार. नवीन थर्मोस्टॅट आणला, लावायच्या आधी गंजात (पातेल्यात) पाणी उकळून त्यात सोडून पाहिला, ऐंशीच्या आसपास उघडला. तो बसवल्यापासून झाकणाखाली फेस नाही. जितके मिस्तरी भेटले तितके म्हणतात उन्हाळ्यात काढा लागन. मी त्याऐवजी रेडिएटर रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घेतलं.

तर बाटलीचं. प्रेशरचा दिवा लागला त्या दिवशी मी तिला शून्य दिलं होतं, आता दोन देतो, कारण चेंबर खोलून साफ केल्यावर पुढच्या एका ऑइल बदलाला मिस्तरीनं तीच अर्धी बाटली स्वतः वापरली आणि काही झालं नाही. इंजिन मुळात बरं असेल, झाकणाखाली नुसता तपकिरी रंग असेल, तर टाकून पाहा. नखात डांबर येत असेल तर पहिले चेंबर खोला, बाटलीचे पैसे पॅकिंगला लावा. आणि वॉशर बदला.

सध्या कूलरचं भाडं सुरू झालं आहे, दुपारी आउटर रिंग रोडला गाडी तापलेली असताना आयडलला काटा एकच्या थोडा वर दिसते. मेमध्ये तो एकच्या खाली गेला तर बेअरिंगचा सेट टाकून घेईन, मिस्तरीशी तसं बोलून ठेवलं आहे. फुल इंजिन कोणी कितीही सांगू दे, इतक्यात नाही.