किल्ली कोणाकडे आहे, हे आधी विचारा: नाशिकमधल्या एजंटांचा काही महिन्यांचा अनुभव

आमची मागणी साधी होती. इंदिरानगर ते पाथर्डी फाटा या पट्ट्यात रिसेलचा टू बीएचके, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे लिफ्ट हवीच. दिवाळीनंतर शोध सुरू केला, पावसाळ्याआधी खरेदीखत झालं. या काळात बऱ्याच एजंटांशी काम पडलं. माझं मत असं झालंय की एजंटाने किती फ्लॅट दाखवले यावरून त्याची पारख होत नाही. तो मालकाच्या किती जवळ आहे आणि कागद किती लवकर पुढे करतो, यावरून होते.

पोर्टलवर नंबर टाकला की दिवसभर फोन खणखणतो. गंमत म्हणजे एकच फ्लॅट तीन जण तीन भावांनी सांगतात. मालकाने किल्ली एकाकडे दिलेली असते, त्याच्याकडून दुसरा, दुसऱ्याकडून तिसरा, आणि प्रत्येकाचा हिस्सा भावात चढतो. म्हणून नंतर मी फोनवरच विचारायला लागले, "किल्ली कोणाकडे आहे? मालकाशी बैठक तुम्हीच लावणार का?" "विचारून सांगतो" असं उत्तर आलं की तिथेच थांबायचं. या एका प्रश्नाने आमच्या निम्म्याहून जास्त चकरा वाचल्या.

पुढची पायरी कागदांची. ज्याच्यामार्फत शेवटी घर घेतलं त्याने फ्लॅट दाखवण्याआधीच इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा), कम्प्लिशन (इमारत पूर्ण झाल्याचा दाखला) आणि घरपट्टीची पावती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. बाकीचे "आधी घर तर बघा, कागद क्लिअर आहेत" म्हणायचे. आपल्याकडे अनेक इमारती सोसायटी नसून 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. एका एजंटाला हा फरक विचारला, तर "दोन्ही एकच हो" म्हणाला. एकच नाहीत. सोसायटीत शेअर सर्टिफिकेट बघायचं असतं, अपार्टमेंटमध्ये मालकाच्या नावाचं डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा दस्त, नोंदवलेलं हवं. आम्ही घेतलेल्या घराच्या मालकांकडे फक्त जुनं साठेखत, म्हणजे विक्रीचा नुसता करार, होता. आमच्या एजंटानेच ते हेरलं, बिल्डरच्या मागे लागून आधी डीड करून घेतलं आणि मगच इसार द्यायला सांगितला. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदींची तपासणी, काढला तो वेगळा. तो एजंटाच्या भरवशावर सोडू नका, एजंट कितीही चांगला असो.

भावाच्या बाबतीत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: सिंहस्थ आलाय, आता थांबलात तर परवडणार नाही. रस्ते होतायत, मागणी आहे, हे खरंच. पण त्याच इमारतीतला शेजारचा फ्लॅट कितीला गेला हे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये बघता येतं. सर्व्हे नंबर टाकून वर्ष निवडलं की इंडेक्स टू मध्ये मोबदल्याची रक्कम दिसते. तो आकडा समोर ठेवून बैठकीला बसलो, तेव्हा सिंहस्थाचं नाव कुणी काढलं नाही.

क्षेत्रफळ नेहमी सेलेबल, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून, सांगतात. कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्र, विचारा, आणि टेप घेऊन जा. बंद केलेली बाल्कनी मंजूर नकाशात खोली म्हणून आहे का, तेही पाहा.

गंगापूर रोडच्या नदीकडच्या बाजूचं एक घर फार आवडलं होतं. पूररेषेबद्दल विचारलं तर एजंट म्हणाला, "ताई, दुतोंड्या मारुती बुडाला तरी इथे पाणी येत नाही." (गोदावरीच्या पात्रातली ही मूर्ती किती बुडाली यावरून नाशिककर पूर मोजतात.) निळी रेषा साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. मिळकत कोणत्या रेषेत येते याचं उत्तर महापालिकेच्या नकाशावरून हवं, ऐकीव नको. त्याने नकाशा आणला नाही, आम्ही ते घर सोडलं. गोदाकाठी किंवा नासर्डी नदीच्या आसपास घर बघणाऱ्यांनी यात अजिबात भीड ठेवू नये.

नवीन प्रकल्पही थोडे पाहिले. तिथे एजंटाचं कमिशन बिल्डर देतो, त्यामुळे जिथे जास्त मिळतं तिकडे गाडी वळते. महारेराकडे (राज्याचं गृहप्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकायला एजंटाचीही नोंदणी लागते, तेव्हा दोन्ही नंबर मागा आणि साइटवर स्वतः टाकून बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे लक्षात असू द्या. जुन्या इमारतीतल्या रिसेलला मात्र हे संरक्षण नाही, तिथे वकील आणि कागद हेच काय ते.

दलालीबद्दल पहिल्याच भेटीत बोलून घ्या. आम्ही 1 टक्का ठरवला आणि तो खरेदीखताच्या दिवशी, चेकने, पावती घेऊन दिला. दोघांनी इसाराच्या वेळीच निम्मी दलाली मागितली होती, त्यांना नाही म्हटलं. व्यवहार फिसकटला तर ते पैसे परत मिळवणं अवघड. आमच्या माणसाने मात्र कामाचं मोल पुरेपूर दिलं. घर फक्त माझ्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळेल हे त्यानेच सुचवलं. ती रक्कम जवळपास त्याच्या दलालीएवढी होती.

महावितरणच्या मीटरवर आमचं नाव लागलं आहे. घरपट्टीचं नाव बदलणं अजून बाकी आहे, त्याचा पाठपुरावाही सध्या तोच करतोय.