फ्लेल मोवर की रोटरी स्लॅशर: निवडीपूर्वी आणि खरेदीनंतर

ट्रॅक्टरमागे जोडून गवत, तण आणि झुडपे कापणारे अवजार घ्यायचे ठरले की निवड बहुधा फ्लेल मोवर आणि रोटरी स्लॅशर या दोहोंपाशी येऊन थांबते. दोन्ही अवजारे थ्री-पॉइंट लिंकेजवर, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या तीन दांड्यांच्या जोडणीवर बसतात, दोन्ही पीटीओवर, म्हणजे इंजिनाची शक्ती अवजाराला देणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्यावर चालतात आणि दोहोंची कामे बरीचशी सारखी असल्यामुळे एकाच्या जागी दुसरे सहज सुचवले जाते. परंतु रानात गवत किती आहे यापेक्षा त्या गवतात काय दडलेले आहे आणि कापल्यावर त्या गवताचे काय व्हायला हवे, या दोन प्रश्नांवर ही निवड खऱ्या अर्थाने अवलंबून असते. रुंदी आणि अश्वशक्ती यांचा विचार त्यानंतरचा.

रचना आणि वेग

स्लॅशरमध्ये गिअरबॉक्समधून खाली उतरलेल्या उभ्या दांड्याला दोन-तीन जाड, जड पाती लावलेली असतात आणि ती जमिनीला समांतर फिरतात. फ्लेल मोवरमध्ये ट्रॅक्टरच्या आसाप्रमाणे आडवा बसवलेला रोटर, म्हणजे फिरणारा दंडगोल असतो. त्यावर अनेक लहान पाती मळसूत्री ओळींत मोकळी टांगलेली असतात. रोटर फिरू लागला की ती ताठ उभी राहतात आणि दगडावर आपटली की मागे दुमडतात. पाती दुमडणे हे काही एकट्या फ्लेलचे वैशिष्ट्य नव्हे, कारण बहुतेक स्लॅशरची पातीही आपल्या बोल्टभोवती फिरू शकतात. खरा फरक आहे तो वेगाचा आणि दिशेचा.

पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे फ्लेलच्या गिअरबॉक्समध्ये साधारण तिप्पट होतात, बाजूच्या बेल्टवर आणखी थोडे वाढतात आणि रोटर २००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. पात्यांच्या टोकांचे वर्तुळ ४५ सेंटिमीटर व्यासाचे धरले, तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ४७ मीटर भरतो. दीड मीटर रुंदीच्या स्लॅशरची पाती अवघ्या ९०० फेऱ्यांनी फिरली, तरी त्यांच्या टोकाचा वेग सेकंदाला ७० मीटरपर्यंत जातो. अशा पात्याला लागलेला खडा आडव्या रेषेत सुटतो आणि कडेच्या पत्र्याखालून निसटला तर फार लांब जातो. फ्लेलमध्ये तोच खडा बहुधा झाकणाच्या आतल्या अंगावर आपटून मागच्या, जमिनीवर टेकून फिरणाऱ्या रोलरपाशी अडतो. धोका अर्थातच संपत नाही. मागे जोडल्या जाणाऱ्या बहुतेक फ्लेलचा रोटर चाकांच्या उलट दिशेने फिरतो, म्हणजे जमिनीलगतची पाती पुढे सरकत गवत उचलून घेतात, आणि त्यामुळे एखादा खडा पुढच्या बाजूनेही उडू शकतो. समोरच्या लोखंडी पट्ट्या किंवा साखळ्या शाबूत ठेवायच्या त्या एवढ्यासाठीच. तरीही घर, रस्ता, गोठा किंवा माणसांची ये-जा जवळ असेल, तर केवळ या एका कारणासाठी फ्लेल घ्यावा, असे माझे मत आहे.

कापलेल्या गवताचे काय होते

स्लॅशर गवत तोडतो आणि बाजूला ढकलतो. मागे लांब काड्यांच्या रांगा पडतात, त्यांच्याखालचे गवत पिवळे पडते आणि काड्या कुजायला वेळ घेतात. वर्षातून एकदा पडीक रान साफ करणाऱ्याला याचे काही वाटत नाही, परंतु फळबागेच्या ओळींमध्ये किंवा नेहमी वापरातल्या कुरणावर हा पसारा नकोसा होतो. फ्लेलमध्ये कापलेले गवत झाकणाखाली पुन्हा पुन्हा पात्यांच्या तावडीत सापडते, त्याचा बारीक चुरा होतो आणि तो यंत्राच्या पूर्ण रुंदीत सारखा पसरतो. छाटलेल्या बारीक फांद्या, कापसाची पऱ्हाटी किंवा मक्याची धाटे यांचे जागीच आच्छादन करायचे असेल, तर येथे स्लॅशर फ्लेलची बरोबरी करू शकत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गवत वाळवून वैरण करायची असेल, तर दोन्ही अवजारे चुकीची आहेत आणि फ्लेल अधिकच चुकीचा आहे, कारण त्याने केलेला चुरा गोळाच करता येत नाही. त्या कामाला कात्रीसारखा चालणारा मोवर किंवा डिस्क मोवर लागतो.

स्लॅशर कोठे सरस ठरतो

उंच, दाट आणि वर्षभर हात न लावलेले रान असेल, ट्रॅक्टर लहान असेल आणि कापणी सुबक दिसण्याची गरज नसेल, तर स्लॅशर घेणेच शहाणपणाचे आहे. त्याच रुंदीच्या फ्लेलपेक्षा त्याला शक्ती कमी लागते, तो पुढे जलद सरकतो आणि झिजणारे भागही त्यात मोजकेच असतात. नेहमीच्या स्लॅशरला बेल्ट नाहीत, रोटरची बेअरिंगे नाहीत, डझनावारी बोल्ट नाहीत. पाती काढून धार लावणे, गिअरबॉक्सचे तेल पाहणे आणि पीटीओपासून अवजारापर्यंत शक्ती आणणाऱ्या शाफ्टला ग्रीस देणे एवढ्यावर त्याची बहुतेक देखभाल संपते. ज्यांना दर वापरापूर्वी अवजाराखाली डोकावून पाहण्याची सवय नाही आणि ती लागण्याची शक्यताही नाही, त्यांनी फ्लेलच्या वाटेला न गेलेले बरे. दुर्लक्षित फ्लेल दुर्लक्षित स्लॅशरपेक्षा लवकर आणि महागात बिघडतो.

मात्र मागच्या बाजूची लांबी पाहिली तर फ्लेल सोयीचा पडतो. तो ट्रॅक्टरच्या अगदी लगत बसतो, त्यामुळे बांधाच्या टोकाला वळताना जागा कमी लागते आणि उचलल्यावर पुढची चाके हलकी होण्याचे प्रमाण कमी राहते. स्लॅशरचा गोल पंखा जितका रुंद तितकाच लांब असल्यामुळे त्याचे वजन मागे दूर लटकते.

वाय पाती की हॅमर

फ्लेल घ्यायचे ठरले, तरी निवड संपत नाही, कारण रोटरवर कोणती पाती आहेत त्यावर यंत्राचा स्वभाव ठरतो. वाय पाती म्हणजे पाठीला पाठ लावून टांगलेल्या दोन वाकड्या पट्ट्या. त्या हलक्या असतात, गवत आणि कोवळे तण स्वच्छ कापतात, शक्ती कमी घेतात आणि बहुतेकांना दोन्ही बाजूंनी धार असल्यामुळे एक बाजू झिजली की उलटून लावता येतात. हॅमर हे रुंद, जड, ओतीव तुकडे असतात. ते फिरताना पंख्यासारखी हवा ओढून आडवे पडलेले गवत उचलतात, काड्या ठेचून बारीक करतात आणि अंगठ्यापेक्षा जाड झुडपांनाही दाद देत नाहीत. पण रोटर जड होतो आणि ट्रॅक्टरवर भार वाढतो. रान मिश्र असेल, म्हणजे गवतात मधूनच झुडपे, जुनी खुंटे आणि खडे असतील, तर मी हॅमर निवडेन. निव्वळ गवतासाठी आणि लहान ट्रॅक्टरसाठी वाय पाती पुरेशी आहेत. एकाच रोटरवर दोन्ही प्रकार बसतात, असे गृहीत धरू नये, कारण पाती धरणारे कान आणि बोल्ट वेगवेगळ्या मापांचे असू शकतात.

रुंदी, शक्ती आणि जोडणी

सर्वाधिक चुका रुंदीत होतात. गवतासाठी दर मीटर रुंदीला पीटीओवर अदमासे २० अश्वशक्ती आणि हॅमरने झुडपे कापायची असतील तर ३० अश्वशक्ती धरावी. येथे इंजिनाचा आकडा नव्हे, पीटीओचा आकडा पाहायचा, जो नेहमी कमी असतो. रुंद यंत्र कमी शक्तीवर चालवले की दाट गवतात रोटरचे फेरे घसरतात, पाती मागे झुकतात, कापणी ओबडधोबड होते आणि बेल्ट घसरून तापतात. म्हणून शंका असेल तेथे एक माप लहानच घ्यावे. तरीही मागच्या टायरच्या बाहेरील कडेपर्यंत यंत्र पोहोचायला हवे, नाहीतर चाकांनी दाबलेले गवत मागे तसेच राहते. जोडणी एका बाजूला सरकवता येणारा फ्लेल असेल, तर ही अडचण निदान एका अंगाने सुटते आणि झाडांच्या फांद्यांखाली ट्रॅक्टर न नेता कापता येते. बागायतदाराने ही सोय सोडू नये.

एक बाब खरेदीच्या वेळी विचारलीच पाहिजे, ती म्हणजे गिअरबॉक्समध्ये किंवा शाफ्टमध्ये एकाच दिशेने शक्ती देणारा फ्रीव्हील क्लच आहे की नाही. रोटर जड असतो आणि पीटीओ बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतो. पीटीओला स्वतंत्र क्लच नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला तरी हा फिरता रोटर उलट गिअरबॉक्सला ढकलतो आणि ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी पुढे जात राहतो. बांधाच्या किंवा विहिरीच्या कडेला हे काय करू शकते, ते वेगळे सांगायला नको.

पीटीओ शाफ्ट नवा असेल तर तो मापात कापून घ्यावा लागतो. अवजार वर-खाली करून सर्वांत आखूड स्थितीत शाफ्टच्या एकमेकींत सरकणाऱ्या नळ्या एकमेकींवर टेकत नाहीत आणि सर्वांत लांब स्थितीत त्या निदान एक तृतीयांश लांबीने एकमेकींत राहतात, हे दोन्ही तपासावे. आखूड स्थितीत टेकलेला शाफ्ट ट्रॅक्टरचे बेअरिंग फोडतो.

देखभाल

फ्लेलची उंची मागच्या रोलरवर ठरते, त्यामुळे काम करताना खालच्या लिंक सैल सोडून यंत्राला रोलरवर चालू द्यावे. पाती मातीत घासू लागली की धार काही तासांतच जाते, शक्ती वाया जाते आणि खडे उडतात. जमीन उंचसखल असेल तर ५ सेंटिमीटरखाली उतरू नये. पीटीओ पूर्ण ५४० फेऱ्यांवर ठेवून गिअर बदलून वेग ताशी ३ ते ६ किलोमीटरच्या दरम्यान राखावा. दाट गवतात अॅक्सिलरेटर कमी करून हळू जाणे, ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे.

फ्लेलला सर्वांत जास्त नडते ते असंतुलन. एक पाते तुटून गेले तरी २००० फेऱ्यांवर रोटर थरथरू लागतो आणि ही थरथर काही तासांत बेअरिंगे खाते, पुढे झाकणाच्या जोडांना तडे जातात. म्हणून पाते बदलताना समोरासमोरची जोडी बदलावी, बोल्ट आणि लॉकनटही नवे घालावेत, आणि नट इतका आवळू नये की पाते झुलणे थांबेल. हॅमरला सुरीसारखी धार करण्याचा मोह टाळावा; कडा सपाट होऊन गेली असेल तर मूळ उतार ठेवून थोडे घासावे, आणि ते करताना सर्व हॅमर सारख्या वजनाचे राहतील याकडे लक्ष द्यावे. झिजलेल्या पात्याला वेल्डिंग करून भर घालणे धोक्याचे आहे, कारण तापून गार झालेले पोलाद ठिसूळ होते आणि तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो.

बेल्ट नवे असताना ताणले जातात, म्हणून पहिल्या काही तासांनंतर त्यांचा ताण तपासावा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण १ सेंटिमीटर लवचीकता पुरेशी असते. तीन बेल्टांपैकी एकच तुटला तरी तिन्ही बदलावेत, कारण जुन्या-नव्यांची लांबी सारखी राहत नाही आणि सारा भार एकावरच पडतो. रोटरची बेअरिंगे आणि शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांतले क्रॉस यांना दर ८ तासांनी ग्रीस द्यावे, पण बेअरिंगात ग्रीसगन दाबतच राहू नये, कारण जास्त दाबाने सील बाहेर येते आणि मग तेथून धूळ शिरते. गिअरबॉक्सचे तेल पहिल्या ५० तासांनंतर बदलावे, कारण नव्या दातांचे कण त्यात उतरलेले असतात.

तार आणि प्लास्टिकची दोरी रोटरच्या टोकांना गुंडाळली जाऊन बेअरिंगच्या सीलखाली घुसते. ती काढण्यासाठी यंत्राखाली हात घालण्यापूर्वी पीटीओ बंद करून, इंजिन थांबवून, किल्ली खिशात घालून रोटर पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी आणि यंत्राला भक्कम ठोकळ्यांचा आधार द्यावा. केवळ हायड्रॉलिकवर उचलून धरलेल्या अवजाराखाली कधीही जाऊ नये.

जुना फ्लेल पाहायला गेलात, तर रंगाकडे लक्ष न देता ट्रॅक्टरपासून तो सोडवून, बेल्ट सैल करून रोटर हाताने फिरवून पाहा. टोकाशी धरून वर-खाली हलवल्यास खट्ट असा आवाज आला, तर बेअरिंग गेले आहे. पात्यांचे कान लांबट भोकांचे झाले असतील, तर नवी पातीही त्यात डुलत राहतील आणि रोटर बदलावा लागेल, जो यंत्राचा सर्वांत महाग भाग असतो. शेवटी एक पाते आणि त्याचा बोल्ट उघडून मापे लिहून घ्या आणि त्या मापाचे सुटे भाग मिळतात, याची खात्री झाल्यावरच व्यवहार पक्का करा.